भाचीसाठी भरलेली नव्वद मिनिटं

जूनच्या शेवटी भाचीचं अमेरिकेतल्या मेम्फिसचं पक्कं झालं. तिथल्या एका हॉस्पिटलात दोन वर्षं संशोधन, दहा ऑगस्टचं विमान. बहिणीनं त्याच संध्याकाळी मेतकूट, भाजणी, कुकरची जादा रिंग अशी यादी करायला घेतली. मी नुसती बसून होते. मेम्फिस हे नाव मी गेली तीस-पस्तीस वर्षं सीड्यांच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत वाचत आले, आणि आता आमच्या घरातली पोर तिथे भाड्यानं घर घेणार होती.

"मावशी, तू मला तुझी गाणी भरून दे," ती म्हणाली. "कॅसेट भरून द्यायचात ना तुम्ही, तशी."

कॅसेट भरणं म्हणजे काय, हे तिनं आमच्या गप्पांतच ऐकलेलं. आम्ही गिरगावात राहायचो तेव्हा कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात नेऊन द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट मिळायची. साठची घ्यायची की नव्वदची, यावर घरी चर्चा व्हायची, कारण नव्वदची टेप पातळ, ती लवकर अडकते असं सगळे म्हणायचे. आमचा दुकानदार बाजू संपली की गाणं जिथे असेल तिथे तोडायचा. एका गाण्याची शेवटची ओळ मी वर्षानुवर्षं अर्धीच ऐकली. पूर्ण गाणं मिळाल्यावरही माझा कान त्या जागी थांबतो.

पण मला खरी वाट दाखवली ती दुकानात न भरलेल्या एका कॅसेटनं. १९९१ साली कॉलेजातल्या मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेतून सुट्टीवर आला होता. त्यानं स्वतःसाठी भरलेली एक नव्वदची कॅसेट तिच्याकडे राहिली आणि तिच्याकडून माझ्याकडे आली. आतल्या कागदावर एकाही गाण्याचं नाव नव्हतं. पहिल्या बाजूचं चौथं गाणं एका पुरुषाचं होतं, अगदी संथ. दोन माणसं लपून भेटतात आणि एक दिवस पकडली जाणार हे त्यांना ठाऊक आहे, एवढं शब्दांतून कळायचं. बाकीचं आवाजातून. तो माणूस रडत नव्हता, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज जरा खाली बसायचा, पायरी चुकल्यासारखा. मी ते गाणं दहा वर्षं गायकाचं नाव न कळता ऐकलं.

नाव सापडलं २००१ च्या पावसाळ्यात, सायबर कॅफेत अर्धी ओळ टाइप केल्यावर. जेम्स कार. गाणं 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट', गोल्डवॅक्स नावाच्या मेम्फिसमधल्या छोट्या कंपनीची १९६७ ची रेकॉर्ड. त्याच पानावर हेही होतं की जेम्स कार त्याच वर्षी जानेवारीत वारला. मी पैसे देऊन बाहेर आले आणि चर्नी रोड स्टेशनपर्यंत पावसात चालत गेले. छत्री पिशवीतच होती.

म्हणून भाचीनं गाणी मागितली तेव्हा काय द्यायचं याचा विचार करावा लागला नाही. जन्मभर डोक्यावर घ्यावीत अशी, पण आपल्याकडे आणि बऱ्याच अंशी त्यांच्याकडेही मागे राहून गेलेली गाणी. रॉक आणि सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चमधल्या गाण्यातून आलेलं संगीत), मेम्फिस मधोमध ठेवून. कशी द्यायची, यात मात्र पाच आठवडे गेले.

नुसती यादी फोनवर पाठवायची नाही हे आधी ठरलं. यादीतलं गाणं बोटानं पुढे ढकलता येतं, क्रम उलटापालटा करता येतो. मला क्रम हवा होता आणि दोन गाण्यांमधली शांतताही माझ्या हातात हवी होती. शेवटी जुनीच मर्यादा घेतली: नव्वद मिनिटं, पंचेचाळीसच्या दोन बाजू. लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या प्रोग्रॅममध्ये माझ्या सीड्यांवरची गाणी एकापुढे एक लावायची आणि दोनच लांब फाइली करायच्या, ए साइड आणि बी साइड. मध्ये कुठेही गाणं तोडायचं नाही.

पहिल्या रविवारी एकसष्ट गाणी निघाली. त्या काळातलं एकेरी रेकॉर्डवरचं गाणं अडीच-तीन मिनिटांचं असतं, तरी नव्वद मिनिटांत तीसच्या वर काही जात नाहीत. उरली सव्वीस. सगळ्यात जास्त जिवावर आलं बेबी ह्यूईला काढताना. शिकागोचा हा अवाढव्य देहाचा गायक १९७० साली सव्विसाव्या वर्षी गेला आणि त्याची एकुलती एक एलपी त्याच्या मागे १९७१ मध्ये आली. तिच्यावरचं मला हवं असलेलं गाणं नऊ मिनिटांच्या वर चालतं. ते ठेवायचं तर तिघांना घराबाहेर काढावं लागलं असतं.

गाळणी लावताना एक गोष्ट लक्षात आली. या सव्वीसांतलं एकही गाणं कमी प्रतीचं होतं म्हणून मागे पडलेलं नाही. कारणं वेगळीच होती. आर्थर अलेक्झांडरचं उदाहरण घ्या. हा मेम्फिसपासून गाडीनं तीनेक तासांवरच्या अलाबामातल्या शेफील्डचा, तिथे हॉटेलात सामान उचलायचा. त्याचं 'यू बेटर मूव्ह ऑन' १९६२ मध्ये चाललं, आणि त्याच भागातल्या फेम स्टुडिओचं ते पहिलं यश. पुढे बीटल्सनी त्याचं 'अॅना' गायलं, रोलिंग स्टोन्सनी 'यू बेटर मूव्ह ऑन' गायलं. जगाला गाणी कळली, गाणारा कळला नाही. नंतर तो क्लीव्हलंडमध्ये बस चालवायचा. १९९३ मध्ये त्याची नवी सीडी आली, लोक पुन्हा ऐकू लागले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. त्याचा आवाज अंगावर येत नाही, शेजारच्या खुर्चीत बसून बोलल्यासारखा येतो. बीटल्सचं 'अॅना' मला आवडतं, पण या माणसाचं ऐकल्यावर ते घाईत गायल्यासारखं वाटतं.

ओ. व्ही. राइटचंही तसंच. 'दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज' हे गाणं लोक प्रसिद्ध सोल गायक ओटिस रेडिंगचं म्हणून ओळखतात. पहिल्यांदा ते १९६४ मध्ये राइटनं गायलं, गोल्डवॅक्ससाठीच. लिहिलं होतं रूझवेल्ट जेमिसननं. हा गृहस्थ मेम्फिसच्या रक्तपेढीत नोकरी करायचा आणि राइट व कार या दोघांच्या मागे उभा होता. एका मध्यरात्री त्या दोघांना आणि एक छोटा टेपरेकॉर्डर घेऊन तो गोल्डवॅक्सच्या क्विंटन क्लॉन्चच्या दारात जाऊन उभा राहिला. क्लॉन्चनं त्यांना घरात घेतलं आणि सगळ्यांनी जमिनीवर बसून टेप ऐकली. हा प्रसंग वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही. रात्री बारा वाजता कुणाच्या तरी दारात जाऊन 'हे एकदा ऐका' म्हणण्याइतका विश्वास आवाजावर असावा लागतो.

राइटचं मी 'अ निकल अँड अ नेल' घेतलं, १९७१ चं. ते रॉयल स्टुडिओतलं. हा स्टुडिओ म्हणजे जुनं मूकपटांचं थिएटर. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. निर्माता विली मिचेल तिथे बसायचा, आणि वाजवायला हॉजेस घराण्यातले तिघे भाऊ: टीनी गिटारवर, लेरॉय बासवर, चार्ल्स ऑर्गनवर. त्यांचं वाजवणं ऐकताना मला आपल्याकडच्या चांगल्या तबलजीची साथ आठवते. गायकाला जागा करून द्यायची आणि ठेका सोडायचा नाही. राइटच्या खिशात एक नाणं आणि एक खिळा उरलाय, जगासमोर तो खिसा खुळखुळवत श्रीमंती दाखवतोय, असं ते गाणं. १९८० मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी तो गेला, आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते, कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल. एकाच नावाचं गाणं त्याच गायकानं वीस वर्षांनी पुन्हा म्हटलेलं असू शकतं. स्वस्त संग्रहांच्या सीड्यांवर हे फार चालतं आणि पाठीमागे मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं. माझ्याकडची अशी दोन गाणी फसवी निघाली. सूर तोच, पण ड्रमऐवजी मशीन वाजत होतं. ती काढून मूळची मिळवली. दुसरं, आवाजाची पातळी. १९६५ चं मोनो आणि नव्वदीत नव्यानं मोठ्या आवाजात काढलेली सीडी शेजारी आली की ऐकणाऱ्याला दर गाण्याला बटण फिरवावं लागतं. ऑडॅसिटीतल्या आलेखाकडे बघून मी आधी शिखरं सारखी केली, ते चुकलं. मग डोळे मिटून फक्त गळा ऐकला. गाणारा माणूस दर वेळी माझ्यापासून तेवढ्याच अंतरावर उभा आहे असं वाटलं की पातळी जमली.

आणि क्रम. अर्धा जुलै क्रमातच गेला.

सुरुवात अॅन पीबल्सनं केली, 'आय कान्ट स्टँड द रेन', १९७३. हेही रॉयलमधलंच. अमेरिकेत हे कुणी विसरलेलं नाही, पण आपल्याकडे ज्यांनी ऐकलंय त्यांनी टीना टर्नरचं १९८४ मधलं ऐकलंय. मूळ गाण्याच्या तोंडाला इलेक्ट्रिक टिंबाली या तालवाद्यावर टपटप थेंब पडतात. मी ते लावलं तेव्हा आमच्या गॅलरीच्या पत्र्यावर पुण्याचा पाऊस पडत होता आणि नेमका कुठला थेंब कुठला, ते काही क्षण कळेना. तिला घर आठवायचं तर ते इथूनच आठवू दे, असं वाटलं.

मग आर्थर अलेक्झांडर, मग जरा जोर हवा म्हणून फॅनी. ज्यून आणि जीन मिलिंग्टन या मनिलात जन्मलेल्या बहिणींचा हा कॅलिफोर्नियातला रॉक बँड, चारही बायका. त्यांचं 'चॅरिटी बॉल' १९७१ मध्ये अमेरिकेच्या यादीत चाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि मग बँडचं नाव पुसत गेलं. गिटार अशी वाजते की स्वयंपाकघरातून बहीण बाहेर येऊन विचारून गेली, "कोण गं ह्या?"

ए साइडचा शेवट काही केल्या जमेना, कारण लॉरेन एलिसनच्या 'स्टे विथ मी'ला शेजारच मिळत नव्हता. १९६६ मध्ये न्यू यॉर्कला फ्रँक सिनात्राचं रेकॉर्डिंग रद्द झालं. स्टुडिओ घेतलेला, सेहेचाळीस वादकांचा ताफा ठरलेला, पैसे तर जाणारच होते. निर्माता जेरी रॅगव्हॉयनं तो ताफा फिलाडेल्फियाच्या या गायिकेसाठी घेतला. हळू सुरू होतं, जवळजवळ पुटपुटल्यासारखं, आणि मग ती जी सुटते, ती सेहेचाळीस माणसं मागे राहतात. मी तिच्यानंतर जे जे लावलं ते ते पोरकट वाटलं. कारचं लावलं, तेही फिकं पडलं, आणि ते मला सहन झालं नाही. चार दिवसांनी उलगडलं की तिच्यानंतर काहीच नको. तिच्यावर बाजू संपवायची. ऐकणारीनं उठावं, पाणी प्यावं, मग दुसरी बाजू लावावी. आधी पाऊण-पाऊण तासाच्या दोन बाजूंच्या मर्यादेवर वैतागले होते, तीच मर्यादा कामी आली.

बी साइड कारपासून सुरू केली. 'डार्क एंड' नॅशव्हिलला रेडिओवाल्यांचं संमेलन चालू असताना, पत्त्यांच्या डावातून उठून, डॅन पेन आणि चिप्स मोमननं अर्ध्या तासात लिहिलं. खोली क्लॉन्चची होती आणि त्याची अट होती की हे गाणं माझ्या जेम्स कारलाच द्यायचं. नंतर अरेथा फ्रँकलिननं गायलं, आणखी कितीतरी जणांनी गायलं. कारला मनाचा आजार होता. १९७९ मध्ये जपानच्या दौऱ्यात तो स्टेजवर उभ्या उभ्या गोठून गेला. हे कळल्यावर ते गाणं वेगळं ऐकू येतं का, असं भाचीनं मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पहिल्या दिवशी, नाव माहीत नसतानाही, ते तसंच ऐकू आलं होतं.

त्यानंतर मला सोलमधून रॉकमध्ये जायचं होतं आणि तेही मेम्फिस न सोडता. वाट होती बिग स्टारची. चार गोरी पोरं, बँडचं नाव किराणा दुकानांच्या साखळीवरून घेतलेलं, रेकॉर्डिंग मेम्फिसच्याच आर्डेंट स्टुडिओत. १९७२ ची त्यांची पहिली एलपी, 'नंबर वन रेकॉर्ड', स्टॅक्स या सोलवाल्या कंपनीमार्फत विकली जायची होती. समीक्षकांनी उचलून धरली, पण दुकानात ती पोचलीच नाही. गावोगावचे लोक विचारत राहिले आणि फळीवर रेकॉर्ड नव्हती. मला या गोष्टीचं अजून वाईट वाटतं. चांगलं काम केलं, लोकांना हवंही होतं, आणि मधल्या ट्रकानं घात केला. पुढच्या पिढीतल्या बँडवाल्यांनी ती एकमेकांकडून मिळवून ऐकली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आहे. मी 'थर्टीन' घेतलं, नुसत्या गिटारींवरचं, तेरा वर्षांच्या पोराची लाज आणि धिटाई दोन्ही असलेलं. गायक अॅलेक्स चिल्टन. यानंच सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्स या बँडबरोबर 'द लेटर' गाऊन अमेरिका गाजवली होती. कारचं गाणं विरत जातं तिथे मी जेवणाच्या टेबलाशी हेडफोन लावून बसले आणि पायानं त्याचा ठेका धरून ठेवला. गाणं संपलं तरी ठेका डोक्यात चालू राहतो. त्याची चौथी मात्रा संपताना 'थर्टीन'ची पहिली तार पडली, की दोन गाणी हात धरून चालतात. अर्धा सेकंद इकडे-तिकडे झाला तर एक दुसऱ्याला ढकलतं. तो एक सांधा करायला मला एक अख्खी रात्र लागली.

बी साइडचं तिसरं गाणं, बिग स्टार सोडून गेलेल्या क्रिस बेलचं 'आय अॅम द कॉसमॉस', १९७८ ची एकेरी रेकॉर्ड. त्याच्यानंतर मी मोजून सहा सेकंदांची शांतता ठेवली. बाकी कुठेही दोनाच्या वर नाही.

शेवटाकडे मेम्फिस सोडून मुंबईला आले. आशा पुथली हे नाव भाचीनं ऐकलेलंच नव्हतं. मुंबईची मुलगी, शास्त्रीय शिकलेली, अमेरिकेत जाऊन जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या एलपीवर गायली, आणि १९७६ मध्ये तिचं 'स्पेस टॉक' आलं, जे न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसोच्या 'लॉफ्ट' या घरातल्या नाचाच्या रात्रींना वाजायचं. त्यात तिचा आवाज श्वासासारखा येतो, आणि तानेची जागा आली की आपल्याकडच्या कानाला ओळख पटते. परक्या गावात स्वतःचं असं काही उभं करणाऱ्या बाईनं बाजू संपावी, अशी माझी इच्छा होती. एवढं एकच मी रॉक-सोलच्या नियमाबाहेर जाऊन हट्टानं ठेवलं.

पूर्ण झाल्यावर तीनदा ऐकलं. एकदा पोळ्या लाटताना, एकदा पर्वतीवर फिरायला जाताना, एकदा मुंबईच्या शिवनेरीत. पोळ्या लाटताना हात थांबला तर क्रम बरोबर, अशी माझी परीक्षा होती. बी साइडला दोनदा थांबला. शिवनेरीत मात्र कळलं की आठवं आणि नववं गाणं एकाच सुरात रेंगाळतंय आणि मला खिडकीबाहेर बघावंसं वाटतंय. लोणावळा येईपर्यंत ठरवलं, घरी येऊन दोघांची अदलाबदल केली.

पेन ड्राइव्ह नुसता काय द्यायचा. माळ्यावरून एक रिकामी कॅसेटची डबी काढली, ब्रासोनं पुसली, आत पेन ड्राइव्ह कापसात बसवला आणि आतला कागद हातानं लिहिला. सव्वीस नावं, गायक, साल. शाईच्या पेननं, माझ्या अक्षरात, तिला लहानपणी वहीवर नाव घालून द्यायचे तसं. माझ्या त्या १९९१ च्या कॅसेटवर नावं नव्हती आणि मला दहा वर्षं लागली. तिला तेवढी लागू नयेत.

ती गेल्यावर तीन आठवडे गाण्यांबद्दल काहीच बोलली नाही. घर, गाडीचं लायसन, भारतीय दुकान कुठे, हेच. मग एका शनिवारी, आमच्याकडे सकाळचे साडेसात, तिचा फोन आला. गाडी उभी करून बोलत होती.

"मावशी, बी साइडच्या तिसऱ्यानंतर बंद पडतं का गं? मला वाटलं फाइल बिघडली."

"नाही, मुद्दाम ठेवलंय."

"का?"

मी सांगितलं. क्रिस बेल शेवटी घरच्यांच्या हॉटेलात काम करायचा. ही रेकॉर्ड आली त्याच वर्षी, २७ डिसेंबर १९७८ ला रात्री घरी येताना त्याची गाडी रस्त्याकडेच्या खांबावर आदळली. सत्तावीस वर्षांचा होता. पॉप्लर अॅव्हेन्यूवर.

ती काही बोलेना. मला वाटलं फोन कटला. मागून एक गाडी गेल्याचा आवाज आला, मग दुसरी.

"मावशी," ती म्हणाली, "मी आत्ता पॉप्लरवरच उभी आहे."